‘रोमांच’ नव्हे, राग : ‘ब्रिसल’ या शब्दाविषयी

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण एक अनुवादित इंग्रजी कथा छापली आहे. आमच्या यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रविवारी जेवणं झाली की मी पुरवणी मोठ्याने वाचते आणि हे आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकतात. कथा चांगली होती. एक पोक्त घरमालकीण, तिच्याकडे खोली घेऊन राहिलेला तरुण कारकून, आणि दोघांचं रात्रीचं जेवण. जेवता जेवता तो तिच्या सूपला नाव ठेवतो. त्यापुढचं वाक्य असं छापलं आहे : ‘हे ऐकताच तिच्या अंगावर रोमांच उभे राहिले.’

यांनी डोळे उघडले. “म्हणजे तिला तो आवडत होता की काय?”

मी पुढे वाचलं. बाई न बोलता त्याच्या पुढ्यातलं ताट उचलते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला महिनाअखेर खोली सोडायला सांगते. हे म्हणाले, “मधलं काही गाळलंस का?”

मी काही गाळलं नव्हतं. मूळ कथा माझ्यासमोर नाही, तरी त्या जागी ‘ब्रिसल’ (bristle), म्हणजे रागाने ताठ होणं, हेच क्रियापद असणार, हे मी खात्रीने सांगते. कोल्हापुरातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि याच शब्दावर, नेमकी याच ठिकाणी, मी स्वतः चुकले आहे. त्यामुळे अनुवादकाला बोल लावावा असं मनात नाही. पण चूक छापून आली आहे, हजारो घरांत वाचली गेली आहे आणि तिने एका रागावलेल्या बाईला प्रेमात पाडलं आहे. ती दुरुस्त व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

माझी चूक १९९४ सालची. नववीचा वर्ग होता. उताऱ्यात कुणीतरी कुणाचा अपमान करतो आणि तो माणूस ‘ब्रिसल’ होतो. आदल्या रात्री मी शब्दकोश पाहिला होता. नाम म्हणून ‘राठ केस’, क्रियापद म्हणून ‘केस ताठ उभे राहणे’. तेवढ्या भांडवलावर मी फळ्यावर लिहिलं : ‘त्याच्या अंगावर काटा आला.’

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून ती रोज एसटीने यायची. म्हणाली, “बाई, राग आल्यावर काटा कुठं येतोय? काटा भ्यायल्यावर येतो.” मी म्हटलं, शब्दाचा अर्थ केस उभे राहणे असाच दिला आहे. ती बसली नाही. “म्हंजे आमचं कुत्रं परकं माणूस दिसलं की मानंवरचं केस हुबं करतंय, तसं?”

वर्ग हसला. तास संपत आला होता. मी तिला खाली बसवलं आणि पुढचा शब्द घेतला.

ती बरोबर होती. इंग्रजी भाषेने हा शब्द रागासाठी घेतला तो जनावरावरूनच. कुत्र्याच्या मानेवरचे, रानडुकराच्या पाठीच्या कण्यावरचे, मांजराच्या शेपटीवरचे केस उभे राहतात. अनेकदा तोवर दात दिसलेले नसतात, आवाजही निघालेला नसतो. जनावर आपला आकार मोठा करून समोरच्याला बजावतं, इथून पुढे येऊ नकोस. डार्विनने १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर आणि अंगावर कशा उमटतात यावर पुस्तक लिहिलं, त्यात या केस उभारण्याची बारकाईने नोंद आहे. माझ्या विद्यार्थिनीने डार्विन वाचला नव्हता. तिने दारातलं कुत्रं पाहिलं होतं, आणि शब्दाच्या पोटातलं जनावर तिला लगेच दिसलं. मला दिसलं नाही, याची खंत आजही आहे. तिने त्या वर्षी वर्गात पुन्हा प्रश्न विचारला नाही, हे मला फार उशिरा जाणवलं.

खरं तर मला दिसायला हवं होतं, कारण मी ब्रिसलच्याच घरात वाढले. आमचे आबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, तालमींचे फलक, निवडणुकीच्या भिंती. पडवीत डालड्याच्या डब्यात रॉकेल असायचं आणि त्यात ब्रश उभे असायचे. आबांच्या बोलण्यात दोनच जाती होत्या : मऊ ब्रश आणि राठ ब्रश. अक्षराला मऊ, म्हणजे खारीच्या केसांचा. अस्तराला आणि जमिनीला राठ, म्हणजे डुकराच्या केसांचा. अक्षराची वळणं ज्यावर उमटतात त्या मागच्या रंगाला ते ‘जमीन’ म्हणत. मुंगसाच्या केसांचाही एक ब्रश त्यांच्याकडे होता, मऊही नाही आणि राठही नाही असा, ओढला की परत जागेवर येणारा. असे ब्रश विकणं आणि बाळगणं आज कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. एका ब्रशसाठी मुंगसं मारली जात. हे कळल्यावर आबांनी तसा ब्रश पुन्हा कधी घेतला नाही.

राठ ब्रश घ्यायला गेलं की आबा त्यातला एक केस उपटून काडीने जाळायचे. केसाचा वास आला आणि चिमटीत राख झाली तर खरा. वितळून मण्यासारखा गोळा झाला तर नायलॉन. मला जवळ बसवून त्यांनी एकदा खऱ्या केसाचं टोक भिंगाखाली दाखवलं होतं. डुकराचा केस बुडाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळता होत जातो, आणि अगदी शेंड्याला दुभंगलेला असतो. झाडाच्या फांद्या फुटाव्यात तसा. “ह्या फाट्यात रंग बसतो,” आबा म्हणायचे, “म्हणून ह्यो रंग धरतो आणि हळूहळू सोडतो. नायलॉन एकदम ओततंय.” नवा ब्रश केस सोडतो म्हणून ते तो रात्रभर पाण्यात भिजवायचे, तरी एखादा केस पाटीवर अडकायचाच. ओल्या रंगातून तो नखाने अलगद उचलताना आबा श्वाससुद्धा रोखून धरायचे.

दात घासायच्या ब्रशवरून आमच्याकडे वाद झाले ते आजीमुळे. घरात ब्रश आले तेव्हा तिने हात लावला नाही. डुकराचा केस तोंडात घालणार नाही, हे तिचं शेवटपर्यंत होतं. तिची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण दात घासायचे ब्रश कितीतरी वर्षं डुकराच्या केसांचेच होते. नायलॉनच्या तंतूंचा पहिला ब्रश अमेरिकेत विकायला आला तो १९३८ साली. आमचे ब्रश अर्थातच नायलॉनचे होते. आबांनी तिच्यासमोर एक तंतू जाळून गोळा करून दाखवला, तरी आजी राखुंडी आणि कडुलिंबाच्या काडीवरच राहिली. काडीचं टोक दाढेखाली चावून ती त्याचा कुंचा करायची. हा ‘कुंचा’ शब्द तिच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. संस्कृतात ‘कूर्च’ म्हणजे गवताची जुडी, झुपका, दाढीसुद्धा. आबांच्या हातातला कुंचला आणि आजीच्या तोंडातला कुंचा एकाच घरातले.

इथवर सगळं नाम. पण हा केसवाचक शब्द आला कुठून हे मी निवृत्तीनंतर शोधलं. शाळेत असताना तेवढा निवांत वेळ मिळाला नाही. जुन्या इंग्रजीत तो ‘ब्युर्स्ट’ असा होता. त्याला लहानपण दाखवणारा ‘ल’ लागला, आपल्याकडे ‘सोनुली’, ‘छकुली’ला ‘ली’ लागते तसा. ‘र’ने जागा बदलली. यात नवल नाही. आपल्याकडे कुणी ‘चिकटणे’ म्हणतं, कुणी ‘चिटकणे’, आणि ‘नुकसान’चं ‘नुसकान’ तर गावोगाव होतं. इंग्रजीतला ‘बर्ड’ही एकेकाळी ‘ब्रिड’ होता. जर्मनमध्ये राठ केसाला ‘बोर्स्टे’ म्हणतात आणि डच भाषेत ‘बोर्स्टल’ म्हणजे थेट ब्रश. या सगळ्यांच्या मुळाशी जो अर्थ आहे तो केस नाही. तो आहे टोक. टोचणारं, पुढे आलेलं टोक. संस्कृतात याच कुळातला शब्द आहे ‘भृष्टि’, म्हणजे अणकुची. भाजलेल्या धान्याच्या ‘भृष्ट’शी त्याचा संबंध नाही. ऋग्वेदात इंद्राच्या वज्राला ‘सहस्रभृष्टि’ म्हटलं आहे, हजार टोकांचं. आबांच्या डालड्याच्या डब्यातला राठ केस आणि इंद्राचं वज्र नात्यात निघावेत, हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

याच कुळात इंग्रजीतलं ‘बास’ हे माशाचं नावही येतं, पाठीच्या परावरच्या काट्यांवरून पडलेलं. माझी धाकटी बहीण अलिबागला दिली आहे. तिच्याकडचा जिताडा हॉटेलांच्या कार्डावर ‘एशियन सी बास’ म्हणून येतो. तो साफ करताना परातीत त्याच्या पाठीचे काटे ज्याला लागले असतील, त्याला ‘ब्रिसल’चा मूळ अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हणूनच मराठीत या नामाला सगळ्यात जवळचा शब्द मला ‘केस’ वाटत नाही, ‘कुसळ’ वाटतो. गव्हाच्या लोंबीवरचं कुसळ. पन्हाळ्याकडून मसाई पठाराकडे चालत गेलं की पावसाळ्यानंतर साडीच्या काठाला आणि मोज्यांना चिकटतात ती कुसळं. बारीक, ताठ, टोकदार, केसासारखी दिसणारी पण टोचणारी. इंग्रजीतही धान्याच्या कुसळाला आणि वनस्पतींवरच्या अशा राठ लवेला ‘ब्रिसल’ म्हणतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवणारी म्हण आपण रोज वापरतो, आणि शब्द मात्र तेवढ्या म्हणीपुरता उरला आहे. मुलांना ‘ब्रिसल म्हणजे राठ केस, कुसळासारखा’ असं सांगितलं तर शब्द लक्षात राहतो. निवृत्तीनंतर घरी येणाऱ्या मुलांना मी तसंच सांगते.

आता रोमांचाकडे येते, कारण खरी चूक तिथे आहे.

केस उभे राहणं ही शरीराची क्रिया एकच. अंगावरच्या जवळजवळ प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो, तो आखडला की केस उभा राहतो. थंडीने राहतो, भीतीने राहतो, गाण्यातली एखादी जागा ऐकून राहतो. माणसाच्या अंगावर दाट केस उरले नाहीत, म्हणून आपल्याला नुसता काटा दिसतो. पण ही एकच क्रिया कोणत्या भावनेच्या पदरात टाकायची, हे प्रत्येक भाषेने आपापलं ठरवलं आहे.

आपला ‘हर्ष’ घ्या. आज त्याचा अर्थ आनंद. पण ‘हृष्’ धातूचा जुना अर्थ ताठ उभं राहणं, अंगावर काटा येणं असा आहे. आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या सरांनी मला पाणिनीचं सूत्रच दाखवलं होतं : ‘हृषेर्लोमसु’. केसांविषयी बोलताना ‘हृष्ट’ आणि ‘हृषित’ अशी दोन्ही रूपं चालतात, असं सांगण्यासाठी पाणिनीने एक अख्खं सूत्र खर्च केलं आहे. लॅटिनमध्ये याच धातूचा भाऊ ‘होर्रेरे’. त्याचाही अर्थ केस उभे राहणं, आणि त्यातून निघाला ‘हॉरर’. एकाच मुळाला आपल्याकडे आनंद लागला आणि रोमनांकडे भय.

गीता तोंडपाठ असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे हातपाय गळतात तेव्हा ‘रोमहर्षश्च जायते’. अकराव्यात विश्वरूप पाहून तो ‘हृष्टरोमा’ होतो. अठराव्यात संजय हा संवाद ‘रोमहर्षण’ आहे म्हणतो. भय, विस्मय, आनंद, तिन्ही ठिकाणी केस उभे राहिले. पण राग कुठेच नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रोमांचाची कारणं सांगताना क्रोधही धरला आहे, हे खरं. पण मराठीने तो धरला नाही. आपल्याकडे रोमांच म्हटलं की वारीतला, कीर्तनातला, नाहीतर नव्या नवरीचा. शहारा म्हटलं की थंडीचा किंवा किळसेचा. काटा म्हटलं की भीतीचा. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न याच जागी बोट ठेवून होता.

मग मराठी माणूस रागावतो कसा? तो पेटतो. तळपायाची आग मस्तकात जाते, अंगाची लाही लाही होते, तिळपापड होतो, माणूस तडतडतो, धुमसतो, भडकतो. आमच्या रागाची सगळी भाषा चुलीपाशी तयार झाली आहे. इंग्रजीतही राग उकळतो, पण ‘ब्रिसल’ उकळत नाही. तो गोठ्यातला, अंगणातला, रानातला राग आहे. म्हणून ‘ब्रिसल’साठी ‘तिळपापड झाला’ लिहिलं तरी मन भरत नाही, कारण तिळपापडात आवाज आहे. ‘ब्रिसल’मध्ये माणूस अजून बोललेला नसतो. फक्त ताठ झालेला असतो.

मराठीत जनावराकडून आलेले शब्दही आहेत, ते अशा वेळी आठवावेत. कुत्र्याचं गुरकावणं, मांजराचं फिसकारणं, नाक फेंदारणं. ‘फणकारा’त तर मला सरळ फणाच ऐकू येतो. साळिंदर काटे उभारतं. ‘तिने काटे उभारले’ हे वाक्य कुणालाही समजेल. आणि अपमान आत शिरला पण बाहेर आला नाही, एवढंच सांगायचं असेल तर ‘झोंबलं’ आहे. मिरचीचा शब्द, म्हणजे पुन्हा चुलीपाशीच आलो, पण चालतो.

एक उपयोग मात्र वेगळाच आहे आणि तिथे ना राग, ना केस. ‘किल्ला तोफांनी ब्रिसल करत होता’ अशी वाक्यं इंग्रजी प्रवासवर्णनांत नेहमी येतात. तिथे ‘तटावर जिकडेतिकडे तोफा रोखलेल्या होत्या’ म्हणावं. मुलांना मी जंजिऱ्याच्या सहलीची आठवण द्यायची. बुरुजांतून बाहेर डोकावणाऱ्या तोफांची तोंडं होडीतून पाहिली की पाठीवरच्या राठ केसांची उपमा कुणाला सुचली असेल ते कळतं. चुकांनी ‘ब्रिसल’ करणारा निबंध असेल तर ‘चुकांनी बुजबुजलेला’. याहून जास्त त्याचं करायला नको.

आपल्याला माझी विनंती एवढीच, की येत्या रविवारच्या पुरवणीत एका ओळीची दुरुस्ती द्यावी. अनुवादकांनी त्या एका वाक्याखेरीज काम उत्तम केलं आहे. सूपच्या वाफेचं वर्णन तर यांनी मला दोनदा वाचायला लावलं.

दुरुस्तीचं वाक्य कोणतं असावं, यावर आमच्याकडे बुधवारपर्यंत चर्चा चालली. मी आधी ‘ती फणकारली’ असं सुचवलं. यांनी मान हलवली. “फणकारली म्हणजे काहीतरी तोडून बोलली असणार. ही तर ताट उचलेपर्यंत गप्प आहे.” ते बरोबर होतं. यांनी आयुष्यभर बँकेत हिशेब केला, पण वाक्य ऐकायचा कान यांचा माझ्यापेक्षा चांगला आहे. ‘काटे उभारले’ही घेऊन पाहिलं, ते एका वयस्कर बाईला जरा जास्त वाटलं. शेवटी मी अनुवादकाचं वाक्य पेन्सिलने खोडून वर दुसरं लिहिलं आणि तो परिच्छेद यांना पहिल्यापासून वाचून दाखवला : ‘हे ऐकताच तिला झोंबलं. ती ताठ झाली.’

हे डोळे मिटूनच म्हणाले, “आता तिनं ताट उचललं ते बरोबर.”

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
कोल्हापूर